सुपीक गाडी

जावयाचं पत्र आबासाहेबांनी तिसऱ्यांदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तीन वर्षांत एक शब्द विसरेल तर तो जावई कसला!

शब्द त्यांनीच दिला होता. मागच्या अधिक महिन्यात पुरणाचे धोंडे अंमळ जास्त झाले आणि त्या सुस्तीत आबासाहेब पंगतीसमोर बोलून गेले, "जावईबापू, औंदा टोपी-उपरण्यावर भागवा. पुढच्या धोंड्याला आपली मोटार तुमाला देतो!" पंगतीनं वाहवा केली. आता अठ्ठ्याऐंशीचा अधिक ज्येष्ठ महिन्यावर आला होता, आणि पडवीत उभी असलेली बासष्ट सालची काळी मोटार द्यायची म्हटलं की आबासाहेबांचं मन मुळीच तयार होत नव्हतं. तीन वर्षं तिचं तेलसुद्धा त्यांनी बदललं नव्हतं. मोडत नाही तोवर हात लावू नये, हा त्यांचा प्रेमाचा प्रकार.

पण पत्राच्या शेवटी एक आशेचा किरण होता. दिनकरराव औरंगाबादेत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'गाडीतलं वापरलेलं तेल पावशेर बाटलीत भरून पाठवा. त्यात लोह किती, तांबे किती, माती किती, जस्त किती हे आमच्याकडे काढतात. त्यावरून इंजिनाची प्रकृती कळते. इंजिन चांगलं निघालं तर गाडी आनंदाने नेईन. खराब असेल तर तुमच्याकडेच राहू द्या, मला टोपी पुरे.'

"खराब निघालं की गाडी आपली!" आबासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "आन् लोह, तांबं, जस्त म्हंजी हे तर आपलंच खातं की!"

खातं त्यांचंच होतं. अख्ख्या ताडकळस गावात माती परीक्षणाचा कागद आला की तो वाचायला माणसं आबासाहेबांकडे यायची. प्रगतिशील शेतकरी म्हणून मिळालेलं मानपत्र भिंतीवर टांगलेलं होतं. नमुना बांधाजवळचा घेऊ नये, उकिरड्याजवळचा घेऊ नये, झाडाखालचा घेऊ नये, हे त्यांनी गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं की पोरंटोरं त्यांची नक्कल करायची. 'नमुना खोटा तर पीक खोटं' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुमनबाई अंगणात राखेनं लोखंडी कढई घासत होत्या. त्यांनी विचारलं, "काय लिवलंय जावयानं?"

"तेलातलं लोह मोजायलाय म्हनं त्यो. आता तुला काय कळणार त्यातलं! लोह जास्त तर रान सुपीक, कमी तर नापीक. आपण आसं करू, लोह कमीच येऊ देऊ."

सुमनबाईंनी कढईखालून ओघळणाऱ्या काळ्या पाण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाल्या आणि घासायला लागल्या.

आबासाहेबांनी परभणीहून नव्या तेलाचा डबा आणला. निव्वळ नवं तेल मधासारखं पिवळं दिसतं, तेव्हा त्यांनी सैपाकघरातला चमचा पळवला आणि पावशेर नव्या तेलात गाडीतलं दोन चमचे काळं तेल ढवळलं. बाटली छान काळवंडली. तेवढ्यात शेजारचा मुंजाजी हातात कागद घेऊन आला.

"आबासाहेब, माज्या रानाचा रिपोट आलाय. लोह कमी दावायलंय."

"कमी? मंग गेलं तुझं रान!" आबासाहेब इतक्या आनंदानं म्हणाले की मुंजाजी दचकलाच.

"आन् बाटलीत काय हो?"

"खोकल्याचं औषध."

"थोडं द्या की, आमची म्हातारी लय बेजार हाय."

"मोठ्या मान्साच्या खोकल्याचं न्हाई ते!" असं काहीतरी बोलून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि बाटली औरंगाबादला रवाना केली.

एवढ्यावर थांबले असते तर ते आबासाहेब कसले! विजय नक्की दिसला की त्यांना दानधर्म सुचायचा. त्यांनी जावयाला उलट टपाली लिहिलं, 'इंजिन चांगलं निघाल्यास गाडीसोबत चार नवे टायर आणि बॅटरी देण्यात येईल.' हे पत्र त्यांनी टपालात टाकण्याआधी पारावर वाचूनही दाखवलं. गावात त्यांचं नाव झालं, आणि फुकटात झालं म्हणून ते आणखी खूश.

धोंड्याचा दिवस आला. लेक सगुणा आणि दिनकरराव पाटावर बसले, तेहतीस अनारशांचं वाण दिलं, पुरणाचे धोंडे तुपात बुडाले. जेवणं झाल्यावर दिनकररावांनी खिशातून प्रयोगशाळेचा कागद काढून सासऱ्यांच्या हातात दिला. ओसरीवर वीसेक माणसं पान खात बसली होती. आबासाहेबांनी चष्मा चढवला, चेहरा दुःखी केला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं.

"लोह... सहा! आरारा! तांबं एक. शिसं न्हाईच. माती नावाला. काय सांगावं दिनकरराव, ह्या गाडीत राम उरला न्हाई. पार खडक हाय खडक! फक्त जस्त तेवढं नऊशे दिसायलंय." इथं ते जरा अडखळले. साऱ्या तालुक्याच्या रानात हुडकून सापडत नाही ते जस्त आपल्या गाडीत कुठून आलं, हे त्यांना कळेना. "आसू द्या. नशिबात नव्हती तुमच्या. आगं, टोपी आण जावयाला!"

दिनकरराव मात्र हसत होते. "मामा, तुम्ही थट्टा करताय. अहो, इंजिन आतून घासलं जातं तेव्हा त्याचं लोखंड तेलात उतरतं. लोह जितकं जास्त तितकं इंजिन झिजलेलं. तीन वर्षं तेल बदललं नाही म्हणता, आणि लोह फक्त सहा! इतकं निरोगी इंजिन आमच्या साहेबांनी आयुष्यात पाहिलं नाही. जस्त तर कंपनीच नव्या तेलात घालते, झीज होऊ नये म्हणून. तेही जसंच्या तसं शिल्लक आहे!"

ओसरीवर पुन्हा वाहवा झाली. आबासाहेबांनी कागद उलटा करून पाहिला. अस्सल तेल पाठवलं असतं तर गाडी जन्मभर त्यांचीच राहिली असती, आणि आपल्याच हातानं दोन चमचे मोजून त्यांनी ती घालवली होती.

"म्हंजी... कमी ते चांगलं?"

"एकदम चांगलं!"

"तेलातलं आमाला काय कळत न्हाई," मुंजाजीला शंका आली, "पर आबासाहेब, नमुना बराबर घेतला हुता ना? तुमीच म्हणता, नमुना खोटा तर पीक खोटं."

देवानंच मौका दिला होता. 'नमुना खोटा होता' एवढे तीन शब्द बोलले की गाडी वाचत होती. आबासाहेबांनी तोंड उघडलं. वीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. मुंजाजीच्या डोक्यावरच भिंतीवर मानपत्र होतं, त्यात त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. ते घोटभर पाणी प्याले.

"नमुना? बिल्कुल बराबर हुता," ते म्हणाले. आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा आला.

मग काय, हळद-कुंकू लावून, हार घालून, चार नवे टायर आणि बॅटरी चढवून मोटार निघाली. आबासाहेब वेशीपर्यंत मागं मागं चालत गेले. "मोटारीला लेकीवानी वाटं लावायला निघालाव की काय आबासाहेब? डोळे पुसा," कुणीतरी चिडवलं. ते खरंच रडत होते. घरी परत आले तेव्हा पडवीत गाडीच्या जागी म्हैस बांधलेली होती.

"ही हितं कशी?"

"आवो, बारा वर्सं झाली, बिचारी उनापावसात उभी हाय," सुमनबाई म्हणाल्या. "जागा रिकामी झाली, बांधली."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आबासाहेबांनी मोठ्यानं वाचलं. गाडी जालन्याच्या अलीकडेच धापा टाकत बंद पडली होती आणि ट्रकमागं बांधून औरंगाबादला न्यावी लागली. दिनकररावांचा स्वतःच्या प्रयोगशाळेवरचा विश्वास उडाला होता. त्यांनी गाडीतलं तेल स्वतः काढून पुन्हा तपासायला दिलं. 'लोह चारशे दहा आलं. साहेब म्हणतात, तेलात निम्मं इंजिन उतरलंय. पहिल्या वेळी बाटल्यांची अदलाबदल झाली असावी, माफ करा. तुमचा जीव त्या गाडीत आहे हे मला ठाऊक आहे. म्हणाल तर परत पाठवतो.'

"म्हणाल तर? आगं, पाठवा म्हणून लिवतो, पाठवा!" आबासाहेब उड्या मारायचेच बाकी राहिले. "कागद आण!"

"बसा खाली," सुमनबाई म्हणाल्या. "धोंड्याचं दिलेलं वाण माघारी घेत्यात का कुठं? गाव तोंडात शेण घालंल. आन् म्हस कुठं बांधू?"

आबासाहेब मटकन खाली बसले. मग त्यांनी बायकोकडे संशयानं पाहिलं. "तुला ठावं हुतं?"

"काय?"

"लोह कमी म्हंजी इंजिन चांगलं, हे."

"कढया घासू घासू जल्म गेला माजा. पानी जितकं काळं तितकी कढई झिजली, एवढं कळत न्हाई व्हय?"

"मंग तवाच काहून बोलली न्हाईस?"

"तुमीच म्हणलाव, तुला काय कळणार त्यातलं," सुमनबाईंनी शांतपणे सांगितलं. "आन् त्यो माजा चमचा तीनदा राखेनं घासला, तरी अजून तेलाचा वास मारायलाय."

पडवीत म्हैस रवंथ करत होती. आबासाहेबांनी पत्र पुन्हा उघडलं, चष्मा पुसला आणि ते आकडे एकेक करून बोटानं वाचले. लोह चारशे दहा, तांबं साठ, शिसं ऐंशी, माती भरपूर.

"सुमन," ते म्हणाले, "काय सुपीक गाडी हुती गं!"