पदभ्रमण मंडळाची पहिली सहल

यावलच्या कचेरीतला अव्वल कारकून मोतीलाल याने पदभ्रमण मंडळ काढलं, तेव्हा नियम आधी तयार झाले आणि सभासद नंतर मिळाले. नियम अकरा होते आणि सभासद मोतीलाल धरून चार. एसटीतून उतरल्यावर कोणत्याही वाहनात बसायचं नाही, हा पहिला नियम. जो बसेल त्याचं नाव वाचनालयाच्या फळ्यावर लिहून त्याला मंडळातून कमी करायचं, हा दुसरा. मागे राहून कोणी चुकू नये म्हणून अध्यक्षांनी सगळ्यांच्या शेवटी चालायचं, हा तिसरा. उरलेले आठ शिस्तीबद्दल होते आणि ते खुद्द अध्यक्षांनाही पाठ नव्हते.

सत्तावन्न सालच्या जानेवारीतल्या एका रविवारी मंडळाची पहिली सहल निघाली. किनगावला उतरायचं आणि तिथून सात मैल चालून सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीचा धबधबा बघायचा, असा बेत होता. तालमीचा वस्ताद धनसिंग सगळ्यांत पुढे निघाला. त्याच्यामागे कापड दुकानदार बन्सीलाल. त्याचा देह मोठा, म्हणून चौघांच्या दशम्यांची पिशवी त्याच्याच खांद्यावर दिलेली. मग पोस्टमास्तर तोताराम, जो रोज पहाटे सहा मैल फिरतो असं सगळ्या गावाला सांगत असे. शेवटी अध्यक्ष मोतीलाल.

मोतीलालने या सहलीसाठी जळगावहून मुद्दाम पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते. कॅनव्हास पायात सैल होतो, असं दुकानदाराने सांगितल्यामुळे अर्धा नंबर लहान घेतलेले. ते सैल झाले नाहीत. पहिल्या मैलालाच दोन्ही टाचांना फोड आले आणि दुसऱ्या मैलाला ते फुटले.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी जरा झाडांची नावं टिपून घेतो."

मोतीलालला बाभूळ आणि कडुनिंब सोडून तिसरं झाड ओळखू येत नसे. पण कोणी काही विचारलं नाही. तिघेही वळणाआड गेले, तसा तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला आणि बूट काढून टाचांवर फुंकर घालू लागला.

तेवढ्यात मागून बैलगाडी आली. गाडीत भुईमुगाचा वाळलेला पाला असा रचला होता की हाकणारा दिसतच नव्हता. तो किनगावचाच झिपरू नावाचा शेतकरी होता. मोतीलालने इकडेतिकडे पाहिलं, गाडी थांबवली आणि हळू आवाजात त्याला सांगितलं, की पुढे माझे तिघे सोबती दिसतील, त्यांना मी गाडीत आहे हे कळता कामा नये. झिपरू कमी बोलणारा माणूस होता.

"मांगं घुसा," तो म्हणाला. "मी कायले सांगू कोनाले."

मोतीलालने बूट परत पायात कोंबले आणि तो मागच्या बाजूने पाल्यात शिरला. पाला मऊ होता, गाडी संथ होती. धबधब्याच्या अलीकडे फर्लांगभर उतरायचं आणि घाम पुसत चालत पोहोचायचं, असं त्याने ठरवलं. एवढ्यात गाडी थांबली.

"मला घे बाबा," तोतारामचा आवाज आला. "गुडघे गेले. पण एक लक्षात ठेव, मागून आमचे अध्यक्ष येतायत, त्यांना कळू देऊ नको. त्या माणसाला घरात बायको बोलू देत नाही, म्हणून बाहेर नियम काढत बसतो."

"म्होरं घुसा," झिपरू म्हणाला.

मोतीलालच्या अंगाचा तिळपापड झाला. नियम मोडताना सभासद रंगेहाथ सापडला होता आणि अध्यक्ष हजर होते. पण अध्यक्ष कुठे हजर होते, हे सांगणं अवघड होतं.

पुढच्या नाल्याशी बन्सीलाल भेटला. त्याने झिपरूला सगळी हकीकत सांगितली. पिशवी जड होत होती म्हणून त्याने एक दशमी कमी केली, मग आणखी एक, आणि असं करता करता पिशवी हलकी झाली पण आता त्यालाच चालवत नव्हतं. तो चढला तेव्हा बैलांनी माना वळवून पाहिलं. बन्सीलाल नेमका मोतीलालच्या नडगीवर बसला, वरून पाला ओढून घेतला आणि पाल्यात राहिलेल्या शेंगा शोधून फोडू लागला. आपण लाकडावर बसलोय अशी त्याची समजूत होती आणि लाकूड बोलू शकत नव्हतं.

धनसिंगची गोष्ट निराळी. त्याचे पाय दणकट होते. पण तो इतका पुढे गेला की एकटाच पडला, आणि रस्त्यावर पंधरावीस वानरं बसलेली. त्यातलं एक उठून उभं राहिलं. पंचक्रोशीतल्या कुस्त्या मारलेला वस्ताद परत फिरला तो थेट गाडीपाशी. त्यानेही झिपरूला तोंड बंद ठेवायची शपथ घातली आणि उजव्या अंगाने पाल्यात शिरला.

भुईमुगाच्या पाल्यात धूळ फार. थोड्याच वेळात मोतीलालला शिंक आली.

"कोण शिंकलं?" पाल्यातून बन्सीलाल पुटपुटला.

"बैल," झिपरू म्हणाला.

मग पुढून एक शिंक आली. "दुसरा बैल," झिपरूने सांगितलं. तिसरी शिंक आली तेव्हा तो काहीच बोलला नाही, कारण गाडीला बैल दोनच होते.

पुढे ऊन उबदार झालं आणि मोतीलालला डोळा लागला. तो जागा झाला तेव्हा गाडी उभी होती आणि कोणीतरी त्याचा बूट ओढत होतं. झिपरूची बायको झुंबरबाई म्हशीला घालायला पाल्याची कवळ काढत होती. बूट हाताला लागला, बुटात पाय लागला. बाई धीराची होती.

"ऐकलं का," तिने नवऱ्याला हाक मारली. "पाल्यात मानूस हाये."

"एक नाही," बैल सोडता सोडता झिपरू म्हणाला. "चार हायेत."

पाला चार ठिकाणी हलला आणि चार डोकी वर आली. म्हैस रवंथ करायची थांबली. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग बराच वेळ कोणीच कोणाकडे पाहिलं नाही. आजूबाजूला केळीची बाग होती. धबधब्याचा पत्ता नव्हता. फाट्यावरून गाडी झिपरूच्या मळ्याकडे वळली होती.

"अरे, आम्हाला मनुदेवीला जायचं होतं," मोतीलाल म्हणाला.

"ते कोनीच नाही सांगितलं," झिपरू म्हणाला. "चारी जन बठ्ठे फक्त म्हने, बोलू नको."

आता अध्यक्षांना काहीतरी बोलणं भाग होतं. अंगावरचा पाला झटकून मोतीलालने खुलासा केला, की नियमात वाहनात बसायला मनाई आहे, चाऱ्यात झोपायला नाही. तोतारामने ताबडतोब अनुमोदन दिलं. बन्सीलाल आणि धनसिंग यांनी माना हलवल्या, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

पिशवीत एकच दशमी उरली होती. झुंबरबाईने ती म्हशीला घातली आणि चौघांना कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरच्यांचा ठेचा वाढला. जेवताना तिला सगळी हकीकत कळली. देवीला तिचा एक नारळ राहिलाच होता. इथून चार मैल, चला, दाखवते, असं म्हणून तिने पदर खोचला. झिपरूने संध्याकाळी गाडी घेऊन तिला आणायला जायचं ठरलं.

मग मंडळाची खरी सहल सुरू झाली. झुंबरबाई डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन पुढे, आणि तिच्यामागे चार पुरुष. ती धावत नव्हती, पण थांबतही नव्हती. बाईला थांबा म्हणायचं कोणी, हा प्रश्न चार मैलांत सुटला नाही. मोतीलालने बूट हातात घेतले आणि अनवाणी चालला. वाटेत वानरं दिसली तेव्हा धनसिंग तिच्या सावलीत शिरला. तिने नुसतं "हाड" म्हटलं आणि वानरं झाडावर गेली.

जानेवारीतला धबधबा वेणीएवढा बारीक होता. पण त्याच्या पाण्यात पाय सोडून बसल्यावर मोतीलालला असं बरं वाटलं, की आपण कशासाठी एवढे नियम लिहिले हेच त्याला आठवेना. तोताराम चक्क गुणगुणत होता.

उन्हं कलली तशी रिकामी गाडी घेऊन झिपरू आला. झुंबरबाई चढली आणि पाय पसरून बसली.

"बसता का?" झिपरूने चौघांना विचारलं.

मोतीलालला हो म्हणायचं होतं. पण तिघे त्याच्याकडे पाहत होते आणि झुंबरबाई पदराआड हसत होती.

"नको," तो म्हणाला. "आम्ही चालणारी माणसं."

किनगाव सात मैल होतं, आणि झिपरूचं राहतं घरही गावातच. गाडी पुढे आणि मंडळ मागे. झुंबरबाईला गाडीत झोप लागली. दुसऱ्याने आधी विचारावं म्हणून प्रत्येक जण वाट पाहत होता. धनसिंगने चारदा घसा खाकरला. चारही वेळा बाकीचे आशेने थबकले, आणि चारही वेळा तो फक्त थुंकला.

किनगावचे दिवे दिसले तेव्हा कोणाचाच पाय धड पडत नव्हता. अशा वेळी काहीतरी बोलायला हवं म्हणून तोताराम म्हणाला, "मग अध्यक्ष, पुढच्या रविवारी कुठे?"

कुठेच नाही, असं म्हणायला मोतीलालने तोंड उघडलं. "सावद्याला उतरू," त्याच्या तोंडून आलं, "आणि सातपुड्यातल्या पाल गावाला चालत जाऊ."

"किती मैल?" बन्सीलालने विचारलं.

"पंधरा."

"वा," तिघेही एका सुरात म्हणाले, आणि लंगडत एसटीकडे निघाले.