टँकरवाल्याचा खून

बायकोला मदत करण्याचा विचार नवऱ्याच्या मनात आला, तर त्यानं एक रात्र झोप काढावी. सकाळपर्यंत बहुतेक विचार जातात. मी मात्र तिथल्या तिथे म्हणालो, "आण इकडे, मी लिहितो!"

झालं होतं असं. आमची सुचित्रा कळंबोलीच्या वसाहतीतल्या शाळेत चौथीच्या वर्गावर शिक्षिका. शाळेचं दर महिन्याला एक वार्तापत्र निघायचं. वाढदिवस, लिंबू-चमचा, 'आमचे गुणवंत' वगैरे सगळं दोन पानांत. ते स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहायचं, मग शाळेतल्या सायक्लोस्टाईलवर दोनशे प्रती काढायच्या. त्या महिन्यात कुकरच्या वाफेनं सुचित्राचा उजवा हात भाजला आणि माझ्यातला आदर्श पती जागा झाला. (तो वर्षातून एकदाच जागा होतो, पण नुकसान बाराही महिन्यांचं करतो.)

"नीट लिहाल ना?" तिनं विचारलं.

"अगं, पंधरा वर्षं कचेरीत टिपणं लिहितोय. व्याकरणाची एक चूक दाखव माझी!"

हे खरं होतं. पंधरा वर्षं टिपणं लिहिल्यावर माणसाला चूक बरोबर दिसते, फक्त मजकूर दिसेनासा होतो. शब्दांची लिंगं, विभक्ती, पूर्णविराम हे सगळं मी तपासतो. त्यातून काय सांगितलंय, ते साहेब बघतात.

'आमचे गुणवंत' या सदरात अरुणा भोईर या मुलीचा पराक्रम होता. अरुणा कामोठे गावातून चालत शाळेत यायची. पाण्याचा टँकर शाळेच्या फाटकाशी मागे येत होता, मागे पहिलीची पोरं रांगेत उभी होती, आणि हिनं ड्रायव्हरला थांबवलं. सोमवारी मुख्याध्यापिका बाईंच्या हस्ते तिचा सत्कार व्हायचा होता. तिनं स्वतःच्या हातानं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं : 'मी डायवरला दोन हात वर करून लांबूनच खून केली. मंग टँकर थांबला.'

'खून केली'? माझा जीव कळवळला. खून पुल्लिंगी! शिवाय खून 'ड्रायव्हरला' करत नाहीत, 'ड्रायव्हरचा' करतात. मी प्रेमानं दुरुस्ती केली आणि पुढचा लिंबू-चमचा हाती घेतला.

शुक्रवारी दोनशे प्रती दोनशे घरांत गेल्या.

शनिवारी सकाळी शेजारचे सुधीर कारखानीस कागद नाचवत आले.

"नंदकुमार, हे काय हो?" आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'कु. अरुणा भोईर हिने टँकरच्या ड्रायव्हरचा, दोन्ही हात वर करून, लांबूनच खून केला. त्यामुळे टँकर जागीच थांबला. या प्रसंगावधानाबद्दल तिला कंपासपेटी देण्यात येईल. सर्व विद्यार्थ्यांनी तिचा आदर्श ठेवावा.'"

"बरोबर आहे की," मी म्हणालो. (व्याकरण तपासत होतो.)

"अहो, बरोबर काय? आणि वर कंपासपेटी! त्यात कर्कटक असतं!"

मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुचित्रा शाळेतून आली ती तणतणतच.

"अहो, त्यांच्या गावात 'ण' म्हणत नाहीत! पाण्याला पानी, खुणेला खून! हातानं खूण केली तिनं! तुम्ही तिला खुनी करून ठेवलंत. वर्गात सगळी पोरं दोन हात वर करून तिच्यासमोर धडाधड मरून पडत होती. रडत घरी गेली बिचारी. परत शाळेत येणार नाही म्हणाली."

मी काही बोलणार तेवढ्यात बेल वाजली. दारात मयत उभा होता.

म्हणजे टँकरचा ड्रायव्हर शिवराम, राहणार नावडे. शेजारी त्याची बायको भिमाबाई.

"सायब, मी मेलो ते मला कोन सांगनार?" त्यानं कपाळ पुढे केलं. त्यावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. "हिला नळावर बायांनी सांगतला, तुजा घो गेला. ही रडतेय, तेवढ्यात मी जेवायला घरी गेलो."

"मला वाटला भूत हाय," भिमाबाई लाजून म्हणाली. "लाटना मारला."

त्यांना चहा पाजला. शिवरामला माझा काही राग नव्हता; त्याला एकच शंका होती. "सायब, पन त्या पोरीनं हात केले नसतं तर मी खरंच पोरं चिरडली असती. तिचा नाव चांगला छापाया पायजे व्हता ना?"

ते मला लागलं. इतका वेळ मी माझ्या फजितीचाच विचार करत होतो. एका मुलीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापून आलं, आणि मी त्यापुढे खून लावला. मला मनापासून वाईट वाटलं.

रविवारी आम्ही दोघं कामोठ्याला गेलो. अरुणाची आई चांगुणाबाई अंगणात मासळी वाळत घालत होती. मी ओळख सांगितल्यावर तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"माजे पोरीनं कवा कोंबरी कापली नाय, न् तुमी तिच्या हातून मानूस मारलात?"

"चूक झाली हो. माफी मागायला आलोय."

"माजी कनाला? तिची मागा."

अरुणा दाराआडून ऐकत होती. मी दारासमोर उभा राहून माफी मागितली. (साहेबांसमोरसुद्धा इतका वाकलेलो नाही.) मग ती बाहेर आली.

"मी 'केली' लिवलं होतं. तुमी 'केला' का केलात?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"अक्कल नव्हती म्हणून," मी म्हणालो.

तिला ते पटलं असावं. "उद्या येईन मी. पन पुढच्या म्हैन्याला मीच लिवनार. तुमी हात नाय लावायचा."

"नाही लावणार."

सोमवारी सत्कार झाला. शिवराम टँकर घेऊनच आला आणि कंपासपेटी देताना सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या. चांगुणाबाई पहिल्या रांगेत बसली होती. मी शेवटच्या.

पुढच्या महिन्याचं वार्तापत्र ठरल्याप्रमाणे अरुणानं लिहिलं. सुचित्रानं त्यातलं एक अक्षर बदललं नाही, आणि मला तर स्टेन्सिल असलेल्या खोलीत पाणी प्यायलासुद्धा जाऊ दिलं नाही. त्यामुळे मजकूर मला सगळ्या वसाहतीबरोबरच वाचायला मिळाला : 'मागच्या म्हैन्यात मी फक्त खून केली. खून केला तो आमच्या बाईंच्या मिस्टरांनी. त्यांनी आमच्या घरी येऊन कबूल केलं. डायवर बरा हाय.'

त्या संध्याकाळी मी कचेरीतून परतलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये नव्यानंच राहायला आलेल्या बाईंनी मला जिन्यात पाहून आपलं मूल कडेवर घेतलं आणि दार लावून घेतलं. वरच्या जिन्यावरून कारखानीस वाकून बघत होते.

"अरे वा, नंदकुमार! कधी सुटलात?"