काटदऱ्यांनी सर्व्हरची पूजा केली

मुलांनो, मांडी घालून बसा आणि मोबाइल उलटे ठेवा. एका जंगलात, जिथे रेंज फक्त वडाच्या तिसऱ्या फांदीवर येते, तिथे काटदरे नावाचे एक साळिंदर राहत होते. ते फार हुशार होते. निदान ते तसं सगळ्यांना सांगत.

काटदऱ्यांच्या बिळात एक सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे काय? एक काळं खोकं. त्यात चार जाड डिस्क, आणि मागच्या बाजूला नखाएवढा एक पेन ड्राइव्ह. डिस्कमध्ये घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आणि आवाज. पेन ड्राइव्हमध्ये एवढंच, की खोक्याने उठायचं कसं. तो नसला तर खोकं जागंच होत नाही. तुमच्या बाबांचं चहाशिवाय होतं, तसंच.

"आता फोनमध्ये काही ठेवू नकोस," काटदरे बायकोला म्हणाले होते. "सगळं माझ्याकडे दे. माझ्याकडून काही हरवत नाही."

बायकोचं नाव कालिंदी. तिचे वडील, तात्या, दोन वर्षांपूर्वी वारले. जाण्याआधी आठ दिवस त्यांनी तिला फोनवर बोलून एक निरोप पाठवला होता. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच उरला होता. कालिंदीने तो नवऱ्याकडे दिला आणि फोनमधून पुसला. काटदऱ्यांनी तो न ऐकताच सर्व्हरवर चढवला. सासऱ्यांचं बोलणं ते समोरासमोरही ऐकत नसत.

मग दसरा आला. दसऱ्याला त्या जंगलात जो तो आपापलं हत्यार पुजतो. वाघ नखं पुजतो, सुतारपक्षी चोच पुजतो, कोल्हा आरशासमोर बसून जीभ पुजतो. काटदऱ्यांनी सर्व्हर पुजायला घेतला.

चार डिस्क आत बंद होत्या. त्यांच्या वाट्याला नुसता झेंडूचा हार आला. पेन ड्राइव्ह मात्र बाहेर होता, आणि लहान होता. लहानाचे लाड जास्त होतात. काटदऱ्यांनी तो उपटला, पळीभर पाण्याने त्याला अंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि ओलाच परत खोचला.

सर्व्हर एकदा चुर्र म्हणाला. मग तो काहीच म्हणेना.

"काय झालं हो?" कालिंदीने आतून विचारलं.

"काही नाही. बॅकअप आहे."

"कशाचा?"

"पेन ड्राइव्हचा. दर शनिवारी त्याची प्रत काढतो मी. तीन वर्षांत एक शनिवार चुकवलेला नाही."

"आणि ठेवता कुठे ती?"

काटदऱ्यांनी खोक्यावरचा हार सरळ केला. तो अजून ताजा होता.

"सर्व्हरवर," ते म्हणाले.

कालिंदी ओरडली नाही. ती खाली बसली. "तात्यांचा आवाज मला आता नीट आठवत नाही," ती म्हणाली. "संपेल की काय अशी भीती वाटायची, म्हणून मी तो पुरवून पुरवून ऐकायची. महिन्यातून एकदा."

काटदऱ्यांना फार वाईट वाटलं. इतकं, की आपण हुशार आहोत हे ते अर्धा दिवस विसरले.

बातमी फांद्याफांद्यांवरून गेली आणि सगळ्यात आधी वानरे आले. वानरे म्हणजे वानर. त्यांना सगळ्यातलं कळतं. त्यांनी कोरडा पेन ड्राइव्ह आणला, त्यात उठण्याची विद्या भरली आणि खोक्याला लावला. पडदा उजळला. त्यावर दोन बटणं आली. एकावर लिहिलं होतं, 'जुन्या डिस्क ओळखू का?' दुसऱ्यावर, 'नवीन सुरुवात करू का?'

"नवीन सुरुवात," वानरे म्हणाले. "दसरा आहे. मुहूर्त चांगला आहे."

"त्याने काय होतं?"

"डिस्क एकदम लख्ख होतात. आमच्या झाल्या ना."

काटदऱ्यांचा पंजा बटणाकडे निघाला. पण तेवढ्यात त्यांचं मनगट कुणीतरी धरलं. ती घोरपडअक्का होती. वडाखाली तिचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिने एकदा धरलं की सुटत नसे.

"थांबा जरा," अक्का म्हणाली. "पुसून टाकाल समदं. त्यो लहाना फकस्त उठवनारा व्हता. समदं ठावं हाय ते ह्या चौघींना. त्यांनाच इचारा की, बायांनो तुमी कोन म्हून."

"पण माझी सेटिंगं? तीन वर्षांची?"

"ती परत करा बसून. तुमाला दुसरं काम काय हाय?"

काटदऱ्यांनी पहिलं बटण दाबलं.

पहिली डिस्क ओळखली. दुसरी ओळखली. तिसरी ओळखली. चौथीपाशी पडदा थांबला. कालिंदीने काटदऱ्यांचा दंड इतका घट्ट धरला की तिलाच काटे टोचले, तरी तिने सोडला नाही. वानऱ्यांनी तेवढ्या वेळात हारातला झेंडू खाऊन टाकला.

चौथी ओळखली.

बिळात नुसता गोंधळ उडाला. काटदरे नाचले, अक्का शेपटी आपटत नाचली, आणि वानरे आपणच सगळं केलं असं सांगत नाचले. कालिंदी नाचली नाही. तिने निरोप लावला.

"कालिंदी, पोचलीस का गं?" तात्या म्हणाले. तोच घोगरा आवाज, मध्येच खोकला. "डबा परत पाठव. आणि ऐक. काही जपून ठेवायचं असलं तर तुझ्यापाशीच ठेव. जावईबापू माणूस चांगला आहे. पण त्यांच्या हातात यंत्र दिलं, की ते त्याला अंघोळ घालतात. माझ्या रेडिओचं काय झालं, ते तुला ठाऊक आहेच."

कालिंदी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली.

"याच्या किती प्रती करू?" काटदऱ्यांनी हळूच विचारलं.

"सात," कालिंदी डोळे पुसत म्हणाली. "सहा मला द्या. सातवी तुमच्या फोनची रिंग म्हणून लावा."

हल्ली काटदरे वडाच्या तिसऱ्या फांदीवर गेले, की त्यांचा फोन सारखा वाजतो. सगळं जंगल त्यांना फोन करतं, आणि त्यांनी तो उचलला की सगळ्यांची निराशा होते.

तात्पर्य: सासऱ्यांचा आवाज नेहमी एकाच ठिकाणी ठेवावा, त्याचा बॅकअप मुळीच घेऊ नये, आणि ते ठिकाण बंद पडलंच तर वानऱ्यांचं ऐकावं.