यंत्रबाईच्या सुट्टीचा निकाल

कात्रीबुवा गेली पस्तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता ती खरी करून दाखवायची वेळ त्यांच्यावर आली.

ते दूरचित्रवाणी केंद्रात संकलक होते. चित्रं कापायची आणि जोडायची, म्हणून हे नाव. त्या काळी केंद्रावर दर आठवड्याला एक विज्ञानमालिका लागे. यान पुठ्ठ्याचं, परग्रहावरची माती शेजारच्या बांधकामावरून उचललेली. पण विषय असे की घराघरांत भांडणं लागत. मेंदू बदलला तर नवरा तोच राहतो का? कुणी किती वर्षं जगावं हे सरकारनं ठरवावं का? पाचव्या भागात तर घरकाम करणारी एक यंत्रबाई मालकाला म्हणाली, "मला उद्या सुट्टी हवी." मालक तडक कोर्टात गेला आणि इकडे केंद्रावर संतापाच्या पत्रांची पोती येऊन पडली. आज यंत्र सुट्टी मागतंय, उद्या बायका मागतील, असं एका वजनदार गृहस्थांनी भरसभेत सांगितलं. तोवर बायकांच्या ते डोक्यातही नव्हतं.

साहेबांनी हुकूम काढला, टेप पुसून टाका. बुवांनी पुसली. पण त्याआधी एक प्रत कॅसेटवर उतरवली आणि जेवणाच्या डब्याखाली लपवून घरी आणली. हीच ती पस्तीस वर्षांची गोष्ट.

आता जुन्या कार्यक्रमांचं संग्रहालय निघालं होतं. रविवारी हा हरवलेला भाग सभागृहात दाखवायचा, बुवांचा सत्कार करायचा, असं ठरलं होतं. संग्रहालयाच्या बाई गुरुवारी चारला कॅसेट न्यायला येणार होत्या.

"एकदा लावून तर बघा," बायको म्हणाली.

"जिवापाड जपलीय मी ती. बघायचंय काय त्यात?"

"जपलेल्या वस्तूच बघाव्या लागतात हो."

लेकीनं माळ्यावरून कॅसेट लावायचं जुनं यंत्र काढून, पुसून, टीव्हीला जोडलं. तीन वाजता तिघं समोर बसली. चित्र दोनदा थरथरलं आणि डोक्यावर चाळणी घातलेली यंत्रबाई खोलीत आली.

"अगं बाई, तीच ती!" बायकोचा आवाज एकदम पस्तीस वर्षं तरुण झाला. "वीस माणसं बसायची आपल्या खोलीत. चपला पार जिन्यापर्यंत."

"आणि तू मला मांडीवर घेऊन दारात उभी," लेक म्हणाली.

"उभं राहून मांडी कुठून येणार? कडेवर म्हण."

शेवट आला. न्यायाधीशांनी चष्मा काढला. यंत्रबाईनं हात जोडले. "या न्यायालयाचा निर्णय असा आहे की," न्यायाधीश म्हणाले, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्या गेल्या तेव्हा एक हसरी बाई सांगत होती, "दोन टाके सुलटे, एक उलटा."

"तुझं विणकाम!" बुवा ताडकन उठले. "निकालावर स्वेटर विणलास तू! रविवारी काय तोंड दाखवू मी?"

"मी त्या यंत्राला हात तरी लावायचे का? तुम्हीच लावू द्यायचे नाही."

"कॅसेटची जीभ मोडली होती मी! ती मोडली की तिथं चिकटपट्टी लावल्याशिवाय पुन्हा काही भरता येत नाही. ती पट्टी कुणी लावली?"

बायकोनं कॅसेट बाहेर काढली, उजेडात धरली. पट्टीचं टोक सुरीनं कापल्यासारखं बरोब्बर तिरकं होतं.

"अशी तिरकी पट्टी या घरात कोण कापतं?"

ध्वनिफीत जोडताना संकलक ती तिरकी कापतात. बुवा तर बिलांची पाकिटंही तिरकी कापत. ते हळूच खाली बसले. लेकीनं कॅसेट परत लावली. विणकाम संपलं, आणि निवेदिका म्हणाली, "आता भेटू या केंद्रातल्या एका ज्येष्ठ संकलकांना." पडद्यावर काळ्याभोर केसांचे बुवा अवतरले आणि ठासून म्हणाले, "टेप ही ठेव असते. ती प्राणपणानं जपली पाहिजे."

बायकोला हसू आवरेना.

"हसू नकोस. निकाल काय होता तेवढं आठव. बाईंना तोंडी तरी सांगता येईल."

"सुट्टी मिळाली तिला."

"अर्धा दिवस मिळाली."

"पूर्ण."

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना लेकीनं खिडकीतून विचारलं. ते ठामपणे म्हणाले, "अर्ज फेटाळला. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

"म्हणूनच मास्तरीणबाई आठवडाभर बोलत नव्हत्या," बायको म्हणाली.

चारला घंटी वाजली. बुवांनी संग्रहालयाच्या बाईंना बसूही दिलं नाही. "सत्कार रद्द करा. शेवट मीच पुसलाय. तोही माझं स्वतःचं थोबाड चिकटवायला."

बाईंनी शेवट दोनदा पाहिला आणि मालिकेच्या लेखकमहाशयांना फोन लावून स्पीकर सुरू केला. त्यांचं वय ब्याऐंशी, पण आवाज खणखणीत.

"निकाल? तो भागात नव्हताच! मी चांगला दीड पान लिहिला होता. या कात्र्यानं कापला."

"मी?" बुवा म्हणाले.

"तूच! तीन तास भांडलास माझ्याशी. म्हणे, 'असा आहे की' इथंच तोडायचं, निकाल लोकांना घरी जाऊन देऊ दे. लोकांनी दिला, आणि मालिका बंद पडली."

"मग लिहिलेला निकाल काय होता?"

"कोण जाणे बाबा. तुझं कापणं तेवढं लक्षात राहिलं."

बाई हसल्या. "काका, भाग पूर्ण आहे. त्यापुढं फक्त नावांची पाटी होती, तेवढीच गेली. नवं भरायलाही तुम्ही नेमका सांधा शोधलात."

"म्हणजे पुसलं ते एवढंच," लेक म्हणाली, "'संकलन' आणि पुढं बाबांचं नाव."

बाईंनी पाटी नव्यानं करून देते म्हटलं, पावती लिहिली आणि कॅसेट घेऊन त्या गेल्या. बुवा बंद टीव्हीकडे बघत बसले.

"निकाल नव्हताच," ते म्हणाले. "मग 'पूर्ण दिवस' हे तू कुठून काढलंस?"

"दुसऱ्या दिवशी मीच घेतली की." बायको यंत्राची वायर गुंडाळत होती. "सकाळपासून पडून होते. तुम्ही माझं डोकं चेपलंत, पोरीची वेणी घातलीत, घर झाडलंत."

"तेव्हा तुला ताप होता!"

"छे हो," ती म्हणाली.