खिल्लारेमामांचा पत्ता

खिल्लारेमामा वाळूजच्या आमच्या कारखान्यात शिरताना छताला नमस्कार करतात, असा नव्या माणसाचा समज होई. खरं तर ते कपाळावर हात धरून छताला लावलेले वायफायचे डबे न्याहाळत. डबा जागेवर, दिवा हिरवा, तरी चेहरा असा, की घरी गॅस चालू राहिलाय.

नेटवर्क त्यांच्याकडे, हजेरी माझ्याकडे. चहाच्या आधी प्रश्न ठरलेला, "ताई, पत्ता हलला नाय ना?"

पत्ता म्हणजे डब्याचा. बनवणारी कंपनी प्रत्येक डब्याला आकडे-अक्षरांचा पत्ता देऊनच पाठवते. पण एका डब्यातून आम्ही वेगवेगळ्या नावांची वायफाय सोडायचो, एक कामगारांची, एक ऑफिसची. मग डबा मूळ पत्त्यात एकेक आकडा वाढवत प्रत्येक नावाला क्रमानं आपापला पत्ता वाटायचा. "नाव कुणीबी बदलतं," मामा म्हणत, "मशीन पत्ता वळखतं."

आमची हजेरीही तशीच. मोबाइलला गेटवरच्या डब्यातल्या कामगारांच्या वायफायचा ठरलेला पत्ता दिसला, तरच कामगार हजर.

एकदा बडे साहेब यायचे होते. पाहुण्यांसाठी एक नाव वाढवा, एवढंच काम. यादीच्या शेवटी टाकलं असतं तर भागलं असतं. पण मामांना धास्ती, काही चुकलं तर? म्हणून त्यांनी सगळी नावं पुसली आणि नीट, पहिल्यापासून भरली. घाईत पाहुण्यांचं नाव पहिलं गेलं. बाकीच्यांचे पत्ते एकेक घर सरकले.

दुपारच्या बसेस आल्या आणि अख्खी शिफ्ट गैरहजर! माझ्या खिडकीवर एकच गिल्ला. "बाई, आम्ही काय भुतं हाव का?"

मी हातानं हजेरी लावली, कुणाचं काही बिघडलं नाही. मामा मात्र गेटवर उभे राहून एकेकाचा दंड धरून सांगत होते, "तू आलता. म्या पाह्यलंय तुला."

संध्याकाळी मीच त्यांना स्कूटीवरून मुकुंदवाडीला सोडलं. एकच खोली, एकटा माणूस. त्यांनी चहा टाकला.

"लई वर्षं झाली असतील इथं?" मी विचारलं.

"व्हय. नामांतराच्या चळवळीत दादा हर्सूलच्या जेलात गेला. मालकानं आमची खोली खाली करून घेतली. आम्ही इकडं आलो. दादा सुटून जुन्या दारावर गेला, तर मालक म्हणला, ठावं नाय. दादा माघारी फिरला. तिथल्या शेजारणीनं नंतर सांगितलं." मामांनी साखर ढवळली. "आई होती तवर लई हुडकला."

"इथला पत्ता त्यांना ठाऊक आहे?"

"नाय. पण शेजारणीला सांगून ठिवलाय. तिच्या सुनेलाबी. कंपनीनं क्वार्टर देऊ केलं, नको म्हणलं."

तेवढ्यात कडी वाजली. हातातली बशी तशीच खाली ठेवून मामा उठले, आधी केसांवरून हात फिरवला, मग दार उघडलं.

शेजारचा माणूस होता, पाणी आलंय सांगायला.

"बरं बरं," मामा म्हणाले, आणि येऊन बसले. "घ्या ताई चहा. निवला आसंल."