रकाना सतरावरचं विशेष सत्र

माणूस आपला देश सोडून दुसऱ्याच्या देशात का जातो, हा प्रश्न जाणाऱ्या माणसाला सहसा पडत नाही. गाडी चुकू नये आणि बॅगेची चेन तुटू नये, एवढ्या दोनच काळज्या त्याला असतात. पण प्रश्न महत्त्वाचा आहे, तेव्हा तो कुणाला तरी पडायला हवा. आणि तो सुट्ट्या वगळून रोज दहा ते पाच या वेळात पडावा म्हणून विद्यापीठाने दुसऱ्या मजल्यावर आंतरराष्ट्रीय स्थलांतर अभ्यास विभाग उघडला होता.

विभागात तीन खोल्या, एक बोळ आणि सात तज्ज्ञ होते. पाच कायमचे, दोन पाहुणे. (पाहुण्यांपैकी एक अकरा वर्षांपूर्वी आले होते. त्यांच्याही मुक्कामाचा अभ्यास व्हावा अशी सूचना एकदा आली, पण ती सूचनांच्या वहीत लिहिण्याचं काम त्यांच्याचकडे होतं.) भिंतीवर जगाचा मोठा नकाशा, त्यावर टाचण्या आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत रंगीत दोरे. एखादा दोरा सुटला तर सकाळी फरशी पुसायला येणाऱ्या बाई तो जवळच्या टाचणीला बांधून टाकत. अशा एका दोऱ्यावर विभागात 'अनपेक्षित नवा प्रवाह' म्हणून दोन तास चर्चा झाली होती, आणि ती चांगली झाली होती असं सगळे म्हणतात.

बाई स्वतः परदेशातून आलेल्या. विभागाला हे फारच सोयीचं होतं. इतर ठिकाणच्या तज्ज्ञांना स्थलांतरित माणूस गाठायला दोन बस बदलाव्या लागतात. यांना फक्त बोळातली बादली ओलांडावी लागे. नऊ वर्षांत बाईंच्या चौदा मुलाखती झाल्या. त्यांतून तीन प्रबंध, एक पुस्तक आणि एक पदोन्नती निघाली. (पदोन्नती बाईंची नव्हे.)

एवढ्या अनुभवाने बाईही तरबेज झाल्या होत्या. 'घरची आठवण येते का?' असं विचारलं की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी खिडकीकडे बघायचं, हे त्यांना चौथ्या मुलाखतीपासून ठाऊक होतं. मग लिहिणाऱ्याला कंसात 'दीर्घ शांतता' असं लिहिता येतं आणि त्याचा दिवस सार्थकी लागतो. त्या शांततेत बाई बोळ वाळला असेल की नाही याचा अंदाज घेत. खरी आठवण यायची ती मुलीची, आणि ती न विचारता, जिना पुसता पुसता यायची. मुलगी आठ वर्षांची असताना बाई तिला बहिणीकडे ठेवून आल्या होत्या. आता ती सतरा वर्षांची होती आणि फोनवर तिचा आवाज बाईंपेक्षा जाड येत होता.

यंदा कुठे कागद जुळले होते. मुलीला इकडे आणायचा अर्ज आठ पानी, एक्केचाळीस रकान्यांचा होता, आणि तो मुलगी अठराची व्हायच्या आत द्यावा लागे. अठरा पूर्ण झाल्या दिवसापासून कायद्याच्या हिशेबी मुलगी कुटुंबात धरली जात नाही. वाढदिवस अठ्ठावीस तारखेला होता. नऊ तारखेपर्यंत बाईंनी चाळीस रकाने भरले आणि सतराव्यावर गाडी अडली. 'मुलीचा सध्याचा आधार कोण?' मावशी लिहावं, तर सरकार म्हणणार, मग आहे तिथे बरीच आहे की. आई लिहावं, तर विचारणार, मग ती नऊ वर्षं राहते कुणाकडे? एक शब्द चुकला की मुलगी कायमची तिकडे.

पण बाई घाबरल्या नाहीत. सात डॉक्टरांच्या घरात ताप यावा, तशा त्या निर्धास्त होत्या. अर्ज आणि सोबतचा जन्मदाखला घेऊन त्या सरळ विभागात गेल्या.

"सर, या सतरा नंबरमध्ये काय लिहू?"

आकडेवाल्या सरांनी अर्ज उलटसुलट पाहिला. "एका मुलीवरून काही सांगता येणार नाही, बाई. निदान चारशे मुली हव्यात."

"मला एकच आहे, सर."

"तीच तर अडचण आहे," सर हळहळून म्हणाले.

सिद्धान्ताच्या मॅडमनी तो रकाना तीनदा वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. आधार ही कल्पनाच मुळात तपासून पाहायला हवी, असं त्यांचं मत पडलं. विभागप्रमुख मात्र भला माणूस. ते म्हणाले, "आपलं ज्ञान समाजाच्या उपयोगी पडायची ही संधी आहे. चार दिवस हे कागद आमच्याकडे राहू द्या. आपण यावर विशेष सत्रच घेऊ."

मुलीसाठी सत्र घेताहेत म्हटल्यावर बाईंना भरून आलं. त्या दिवशी त्यांनी नकाशावरच्या टाचण्यासुद्धा पुसल्या.

सत्र सोळा तारखेला झालं. उपस्थिती तेवीस. (खुर्च्या मांडल्या बाईंनी. बाई धरून चोवीस, पण त्या कामावर होत्या.) रकाना सतरावर चार निबंध वाचले गेले. पहिल्यात या रकान्याचा इतिहास होता. दुसऱ्यात, असा रकाना अकरा देशांच्या अर्जांत आहे आणि सहा देशांच्या अर्जांत नाही, हे तक्त्याने दाखवलं. तिसरा वेळेअभावी अर्धाच राहिला. चौथा मॅडमचा; तो संपल्यावर सगळ्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. शेवटी प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतून बाईंनी हात वर केला.

"म्हणजे लिहायचं काय?"

टाळ्या पडल्या. इतका मूलभूत प्रश्न दिवसभरात कुणी विचारला नव्हता. मग विभागप्रमुखांनी चौकशी केली, की इथे कुणी हा अर्ज प्रत्यक्ष भरला आहे का? कुणीच भरला नव्हता. तज्ज्ञ मंडळी परदेशी जातात तेव्हा त्यांचे अर्ज तळमजल्यावरचा कारकून भरतो, आणि तो त्या दिवशी रजेवर होता.

सतरा तारखेला कागद परत मिळाले. विभागाच्या नियमानुसार, ज्याच्याकडून माहिती घेतली त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील विभागातल्या कागदांवर उघडा ठेवता येत नाही. नियम प्रतींसाठी होता. पण प्रती काढायचं यंत्र बंद होतं, आणि संशोधन सहायिका अतिशय जबाबदार मुलगी होती. तिने काळा मार्कर घेऊन, पट्टी लावून, एकही रेघ वाकडी न जाऊ देता, अर्जावरची सगळी नावं, पत्ते आणि तारखा झाकल्या होत्या. जन्मदाखल्यावरचीसुद्धा. वर कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'सहभागी क्र. ७ यांची मुलगी.'

बाईंनी दाखला खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिला; काळ्याखालचं काही दिसेना. सहायिका म्हणाली, "आता तुम्हाला कुणीही ओळखू शकणार नाही, बाई." ती हे धीर देण्यासाठी म्हणत होती. बाईंना आधी रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला, आणि त्या रागात त्यांनी एकाच दिवशी तिन्ही खोल्या दोनदा पुसल्या.

विभागाने चूक मोकळ्या मनाने मान्य केली. माफीचं पत्र निघालं. (पाकिटावर नाव घालणं नियमात बसत नसल्याने ते महिनाभर टपालाच्या खोलीत पडून होतं.) विभागप्रमुख स्वतः बोळात आले, ओल्या फरशीवर उभे राहिले आणि म्हणाले, "फार वाईट झालं, बाई. मला खरंच वाईट वाटतंय." ते खरंच होतं. पाऊलखुणा पुसताना बाईंनी त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

पुढचे दिवस बाईंचा जीव टांगणीला होता. बहिणीने तिकडे दोन दिवस रांगेत उभं राहून नवा दाखला काढला आणि कुणाच्या तरी हाती पाठवला. तो सव्वीसला पोचला. सत्तावीसला सकाळी बाई कोरा अर्ज घेऊन सरकारी कचेरीच्या खिडकीपुढच्या रांगेत उभ्या राहून भरत होत्या. पुढे एक शिंपीणबाई होती. तिने मान वळवून नुसतं पाहिलं.

"सतरावर अडलीस ना? सगळ्या तिथेच अडतात. 'आई' लिही, आणि खाली बारीक अक्षरात 'तात्पुरती मावशीच्या घरी'. मी तिघांना असंच आणलंय."

"नक्की?"

"अगं, तिघंही घरी बसून माझं डोकं खाताहेत. आणखी काय पुरावा देऊ?"

याला एकूण वेळ दीड मिनिट लागला. निबंध वाचला गेला नाही. अर्ज त्याच दिवशी घेतला गेला आणि पाच महिन्यांनी मंजूर झाला. विभागाने यावर 'रांगेतील ज्ञानव्यवहार' असा प्रकल्प हाती घेतला असून शिंपीणबाईचा शोध चालू आहे.

मुलगी आली ती रविवारी. बाईंपेक्षा वीतभर उंच. स्थानकावर दोघी आधी एकमेकींकडे बघतच राहिल्या, मग मुलगीच पुढे झाली आणि तिने आईला उचललंच. दोन बॅगा घेऊन दोघी बाईंच्या इमारतीचा जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावरच्या दारात तिथले गृहस्थ खुर्ची टाकून उन्हात मासिक वाचत बसले होते. सज्जन माणूस, वाचनाची आवड असलेला, शिकलेला, तुमच्याआमच्यातलाच. त्यांनी चटकन पाय आवरून वाट दिली आणि हसून विचारलं, "नवीन राहायला आलात वाटतं?"

"ही आज आली," बाई म्हणाल्या. "मी नऊ वर्षं तुमच्या डोक्यावरच राहते."

"हो का? अरे वा," गृहस्थ म्हणाले, आणि दोघी वळणाआड जाताच त्यांनी पुन्हा मासिकात डोकं घातलं. विद्वान लोकांना आपल्यासमोरचा माणूस कसा दिसत नाही, यावरची एक कथा ते वाचत होते. गालातल्या गालात हसत त्यांनी ती अगदी या ओळीपर्यंत आणली होती.