तिसऱ्या सर्व्हरच्या पाडावाची बखर

श्रीगणेशास नमन, शारदेस नमन, आणि नदीपलीकडल्या थंड खोलीत अहोरात्र घुमणाऱ्या यंत्रांस त्याहून लवून नमन. त्यांनी निदान ही हकिकत संपेतो पडू नये, इतके मागून सांगणार तो सांगतो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, ज्येष्ठ वद्य पंचमी, सोमवार, ते दिवशी एका राज्यात पाच असामींचे शिक्षण मांडिले, आणि त्यात काय काय जाहले, कोणी कोणावर डोळा ठेविला, ते सारे ऐका, आणि मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

राज्याचे नाव घेत नाही. उद्योग म्हणाल तर कॉलेजांचे प्रवेश. दर साली एक दिवस नेमून ऑनलाइन दरवाजा उघडितात आणि लाख दीड लाख पोरे एकदम अर्ज भरावयास धावतात, आणि गेले साली तो दरवाजा पहिल्या अर्ध्या तासातच कोसळला, आणि पोरे रडली, आणि आईबापांनी टीव्हीवर जाऊन राज्याची अब्रू काढिली. मग दिवाण माणकेश्वर, जे कॉम्प्युटरखाते सांभाळितात आणि आपली सही आपणच केली की नाही हे दोनदा तपासतात, त्यांनी हुकूम केला की एका सर्व्हरचे आठ करावे, आणि आठांपुढे लोड बॅलन्सर नामे यंत्र उभे करावे. त्या यंत्राचे काम इतकेच की दारी येईल त्याला वाटून द्यावे, तू पहिल्याकडे जा, तू दुसऱ्याकडे जा, म्हणजे एकाची कंबर मोडत नाही आणि बाकीचे जांभया देत नाहीत. यंत्र आले, पण ते चालवावे कसे हे कोणास ठाऊक नाही, मग परमुलखातून आठल्ये पंतोजी बोलाविले, पाच दिवसांचे शिक्षण ठरले, आणि खात्यातील पाच नेटवर्कवाले पुढ्यात बसविले.

आता या पाचांत वडील ते मुळीकसाहेब, वीस साल खात्यात, जुना सर्व्हर त्यांनी आपल्या हाते उभा केला आणि नव्या मांडणीत त्यालाच तिसरा नंबर दिला. आणि दुसरा लिगाडे, फायरवॉलवर, म्हणजे कचेरीच्या नेटच्या वेशीवर, पहारा करणारा, विचारल्यावाचून तोंड न उघडणारा. आणि आणखी दोघे, ते जेथे मुळीकसाहेब तेथे माना डोलविणारे. आणि पाचवी वैजयंता ढमढेरे, कंत्राटावर तिसरे साल, कंत्राट महिनाअखेरीस सरणार. दिवाणांनी तिला पहिल्याच दिवशी ऐकविले, "बाई, शुक्रवारपर्यंत हे यंत्र तुमच्या हाती नीट चाललं तर कायम करण्याचा कागद निघेल. नाही चाललं तर तीन वर्षं छान काम केलंत, एवढं लिहून देऊ." आणि हे सर्वांदेखत बोलिले, मग काय, त्या घटकेपासून सगळे तिच्याकडे तिरके पाहो लागले. मुळीकसाहेब म्हणाले, "आमच्यासमोर गाजर दाखवलं नाही कुणी. म्हणजे आतून ठरलेलं दिसतंय." आणि पंतोजींवर तर सर्वांचाच संशय, कारण ते पाणी बिऱ्हाडाहून आणीत, येथील चहा पीत नसत, आणि बारक्या अक्षरात वहीत काही लिहीत. कोणी म्हणे यंत्र विकणाऱ्यांचा माणूस आहे, आठ सर्व्हर पुरत नाहीत म्हणून सोळा गळ्यात मारील.

तिसरे दिवशी पंतोजींनी शिकविले की मुलगा अर्धा अर्ज भरून फोटो आणावयास उठला आणि परत आला, तर त्याला त्याच सर्व्हरकडे धाडावे, दुसरा त्याला ओळखणार नाही आणि अर्ज पहिल्यापासून भरावा लागेल. मग ओळखावे कसे, तर तो ज्या नेट-पत्त्यावरून येतो तो पत्ता लक्षात ठेवावा, ही एक रीत. वैजयंतेने ते मनावर घेतले, आणि चौथे दिवशी तिची पाळी आली तेव्हा यंत्रास तैसेच सांगितले, की एका पत्त्याचा माणूस एकाच सर्व्हरकडे. आणि मग दिवाणांनी फर्मान काढिले, की बरोबर अकरा वाजता कचेरीतील दोनशेही माणसांनी आपापल्या जागेवरून दरवाजा उघडून अर्ज भरावा, लटका का होईना.

अकरा वाजले, आणि दोनशे बोटे एकदम पडली, आणि पडद्यावर पाहतात तो काय, पहिला सर्व्हर रिकामा, दुसरा रिकामा, चौथा पाचवा सहावा सातवा आठवा रिकामे, आणि दोनशेच्या दोनशे तिसऱ्याच्या उरावर! तिसरा धापा टाकू लागला, लाल जाहला, आणि अकरा वाजून चार मिनिटांनी पडला. मुळीकसाहेब खुर्चीवरून उठले ते ओरडतच, "माझा! आठांतला नेमका माझाच! ढमढेरे मॅडम, माझ्याशी काय वैर होतं ते तोंडावर सांगायचं होतं!" वैजयंता म्हणाली, "सर, मी तिसऱ्याचं नावसुद्धा घातलेलं नाही. मी पाणी प्यायला गेले तेव्हा खोलीत तुम्हीच होतात." "म्हणजे मी माझाच सर्व्हर पाडला?" "माझं नाव खराब व्हावं म्हणून पाडलातही असेल!" डोलणाऱ्यांतला एक हळूच बोलिला, "पंतोजी मघाशी हसले. मी पाहिलं." दिवाणांनी पंतोजींस पुसले, तर ते म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी मी बोलत नाही. यंत्राची नोंदवही वाचा." आणि आपल्या बाटलीतले पाणी प्याले. झाले, संशय दुप्पट!

मग दिवाणांनी दारे लाविली, सर्वांचे मोबाइल काढून आपल्या टेबलावर मांडिले, आणि कोणी कोणाशी संगनमत करू नये म्हणून एकेकास वेगळे बसविले. लिगाडे पडला गरीब, त्यास स्टेशनरीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसविले. आणि नोंदवही उघडिली तो सर्वांच्या अंगावर काटा, कारण दोनशे ओळी आणि दोनशेही ओळींस पत्ता एकच! दिवाण टेबलावर हात आपटून म्हणाले, "एकच माणूस! एकच माणूस दोनशे वेळा आला! ह्याला म्हणतात घातपात." मग त्या पत्त्याच्या यंत्राचा शोध मांडिला, तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत एकेक कॉम्प्युटर तपासिला, लेखाखात्याच्या बायकांची डब्याची वेळ टळली, शिपायाच्या टेबलाखालचा मोडका प्रिंटरही सोडिला नाही, आणि तीन वाजेतो फिरले, पण तो पत्ता कचेरीत कोणाचाच निघेना. दिवाण वैजयंतेस म्हणाले, "बाई, पत्ता सापडत नाही, पण नोंदीत यंत्राला हात लावणारं नाव तुमचं एकटीचं आहे. मला पाच वाजता वर कळवायचंय." तिचा चेहरा उतरला, आणि तीन साले डोळ्यांपुढून गेली, आणि घरी कर्ज नाही की काही नाही, पण आईला सांगून बसली होती की या खेपेस कायम होते.

मग ती एकदम म्हणाली, "सर, माझा मोबाइल द्या." दिवाण सावध, "पुरावा पुसायचाय?" "तुमच्या हातातच ठेवा. तुम्हीच उघडा. मी शिवत नाही." तिसरा सर्व्हर एव्हाना पुन्हा उठविला होता, आणि दिवाणांनी मोबाइल रुमालाने धरून दरवाजा उघडिला. पंतोजींच्या सांगण्यावरून प्रत्येक सर्व्हरने पानाच्या कोपऱ्यात आपला नंबर दाखवावा ऐसे केले होते, तो पाहिला, तो सहा! "आता कचेरीचं वायफाय लावा." लाविले, तो तीन. "काढा." सहा. "तुमच्या फोनवर करा." वायफायविना एक, वायफायसह तीन! दिवाण घामाघूम, "ह्या वायफायमध्ये कोण बसलाय?" वैजयंता म्हणाली, "लिगाडेंना आणा. आत्ताच्या आत्ता."

लिगाडे आला, मान चोळीत, आणि कागदावरचा पत्ता पाहून म्हणाला, "हा? हा आपल्याच फायरवॉलचा. कचेरीतलं कुणीही बाहेर नेटवर गेलं की ह्याच पत्त्यानं दिसतं. कुणाला शोधताय?" मुळीकसाहेब म्हणाले, "अरे, मग सकाळीच बोलला का नाहीस?" "विचारलं कुणी? भिंतीकडे तोंड करा म्हणाले, केलं." म्हणजे दोनशे माणसे खरी, आणि दार मात्र एक, आणि यंत्राने दोनशेंस एकाच घरचे समजून एकाच्याच पदरात घातले, आणि तिसरा नंबर निव्वळ नशिबाने लागला. वैजयंता उभ्या उभ्या म्हणाली, "चूक माझीच आहे. सोमवारी दरवाजा उघडला की सायबर कॅफेतून, कॉलेजच्या लॅबमधून पोरं अशीच एका पत्त्यानं येतील. मी पत्ता धरायलाच नको होता. पंतोजींनी दुसरी रीत सांगितली होती, प्रत्येकाच्या ब्राउझरला एक चिठ्ठी द्यायची, परत आला की चिठ्ठी बघायची. पाच मिनिटं द्या." आणि पाच नव्हे, अकरा मिनिटे घेतली, कारण मुळीकसाहेब मागे उभे राहून प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचीत होते. मग दोनशे बोटे पुन्हा पडली, आणि पडद्यावर पहिला पंचवीस, दुसरा पंचवीस, तिसरा पंचवीस, ऐसे आठही पंचवीस पंचवीस, आणि लेखाखात्यातून टाळ्या ऐकू आल्या. पंतोजींनी वही उघडून दाखविली, आत बारक्या अक्षरात पाचही जणांचे गुण, आणि वैजयंतेच्या नावापुढे लिहिले होते, चूक केली, कबूल केली, सुधारली, पास.

दिवाणांनी कायमचा कागद पुढे ओढिला, पेन उघडिले, आणि पडद्याकडे पाहून थांबले. म्हणाले, "बाई, एक विचारू? हे आठही अगदी सारखे कसे? एवढं सारखं आपोआप होत नाही. कुणीतरी ठरवून केलंय." वैजयंता म्हणाली, "हो सर. मी ठरवून केलंय. पाच दिवस तेच तर शिकवत होते." मुळीकसाहेब पहिल्यांदा हसले, आणि म्हणाले, "साहेब, करा सही. मी आहे साक्षीला." मग दिवाणांनी सही केली, आणि ती आपलीच आहे हे दोनदा पाहिले.

एवंच, सर्व्हर पडला एक, संशयित जाहले सहा, गुन्हेगार निघाला कोणीच नाही, आणि कायम जाहली एक असामी. पुढल्या सोमवारी दरवाजा सकाळी उघडला तो सायंकाळपर्यंत उघडाच राहिला, एकदाही पडला नाही, आणि दिवाण त्याची चौकशी करीत आहेत.